शेवटचा प्रवेश तू लिहिला नाहीस

कुमुद,

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तुझी बातमी आली. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. चष्म्याच्या काचांवर उजेड पडल्यामुळे डोळेच न दिसणारा तुझा तो फोटो आणि वर मथळा: 'धुळ्यातील हौशी रंगकर्मीचे निधन'. मी पाचोऱ्याच्या बसस्टँडवर उभी होते, तुझ्याच घरी यायला निघाले होते, आणि त्या एका शब्दापाशी माझं डोकं फिरलं. हौशी. हौस म्हणून माणूस गच्चीत गुलाब लावतो, पापड-कुरडया करतो. तू भावाच्या घरातल्या वरच्या खोलीत आयुष्य काढलंस, लागलेली नोकरी सोडलीस, लग्नाचा विषय निघाला की उठून गेलीस, आणि मरेपर्यंत फक्त नाटकं आणि सिनेमे केलेस. ही हौस असेल तर मग काम कशाला म्हणायचं?

तू असतीस तर हसली असतीस. 'सुमे, त्याला दुसरा शब्द सुचला नसेल,' म्हणाली असतीस. तुझं हे सगळ्यांना समजून घेणं मला कधी सहन झालं नाही. समजून घ्यायचं तू, आणि चिडायचं काम माझ्याकडे.

पण एक कबूल करते. तुझ्यासाठी शब्द शोधणं सोपं नव्हतंच. रावेरच्या केळीच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांवर तू फिल्म केलीस तेव्हापासूनच हा घोळ आहे. जळगावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाच्या मागे लागून तू कॅमेरा शिकलीस आणि अख्खा हंगाम त्या शेडमध्ये जाऊन बसलीस. बायका केळीच्या फण्या पाण्यात धुतात, पुसतात, खोक्यात भरतात, आणि हात चालू असताना बोलत राहतात. ते सगळं तू आणलंस. मग तुला वाटलं, ह्या इतकं बोलतात, तर समोरून कुणीतरी उत्तर द्यायला पाहिजे. म्हणून तू त्याचं नाटक केलंस. मागे मांजरपाटाचा पडदा, पडद्यावर त्या खऱ्या बायका, आणि पुढे त्यांच्यातलीच एक म्हणून मी, त्यांच्याशी बोलणारी.

स्पर्धेत परीक्षकांनी तुला बोलावून विचारलं, "बाई, हे नाटक आहे की सिनेमा?"

तू म्हणालीस, "मधेच उठून जावंसं वाटलं का तुम्हाला?"

"नाही. पण तो प्रश्न नाही."

"मग मला तुमचा प्रश्न कळला नाही."

आपण नियमात बसलो नाही म्हणून बाद झालो. पुढे त्याच नाटकाची तू परत फिल्म केलीस, ती एका महोत्सवाला पाठवलीस, आणि तिकडून उत्तर आलं की हे चित्रित केलेलं नाटक आहे, सिनेमा नाही. त्या दिवशी मी तुझ्या खोलीत येऊन तासभर भांडले. एक काहीतरी कर, म्हटलं. नाटक कर नाहीतर सिनेमा कर. लोकांना तुला कुठं बसवायचं ते कळू दे. तू चहा गाळत म्हणालीस, "गोष्ट जिथं मावेल तिथं ओतायची, सुमे. भांडं आधी धरून बसलं की निम्मी सांडते."

वाक्यं तुझी छानच असायची. पण त्या वाक्यापायी तुझं एकही काम धड कुठं पोचलं नाही, आणि आता पेपरवाला तुला हौशी म्हणतो. मी त्याच्यावर चिडू की तुझ्यावर?

आणि त्या फिल्मचा विषय निघालाच आहे तर बोलते. आपलं जुनं भांडण आहे, तू अर्धवट टाकून गेलीस. नाटकात माझा एक प्रवेश होता. केळीच्या चिकानं त्या बाईची बोटं काळी पडलेली असतात, काही केल्या निघत नाहीत, आणि लेकीच्या लग्नाचा शालू समोर आला तरी ती त्याला हात लावत नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून ती लांबूनच बघते आणि लेकीला सांगते, जरा फिरव गं, पदर दिसू दे. पाचोऱ्याला, जळगावला, साक्रीला, जिथं जिथं केलं तिथं बायका पदर तोंडाला लावायच्या. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी दुसरं काही इतकं चांगलं केलं नाही. फिल्मचा पहिला खेळ जळगावला झाला, घरचे सगळे घेऊन मी पुढच्या रांगेत बसले होते, आणि तो प्रवेश आलाच नाही. त्या जागी रावेरची ती खरी बाई. ती आपली बोटं बघते, कॅमेऱ्याकडे बघून हसते, आणि पुढची फणी उचलते. संपलं.

बाहेर आल्यावर मी तुला विचारलं, का कापलंस.

तू म्हणालीस, "तू फार छान रडतेस. म्हणूनच."

इतकंच. त्यावर मी काय समजायचं? नंतर मी कितीदा तरी विषय काढला आणि तू दर वेळी पदार्थात मीठ जास्त झालंय का इथपासून ते पांझरेला पाणी किती आलंय इथपर्यंत काहीही बोललीस, पण ते सोडून. मला अजून पटलेलं नाही, कुमुद. ती बाई चांगली होती. मीही चांगली होते.

असं लिहिते आणि लगेच आठवतं की रंगमंचावर मी उभी राहिले ती तुझ्यामुळे. लग्न होऊन पाचोऱ्याला आले तेव्हा सासूबाईंनी नाटकाला सरळ नाही म्हटलं होतं. तू धुळ्याहून आलीस, एका शब्दानं नाटकाचं नाव काढलं नाहीस, स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलीस आणि तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्यास. दोन शेंगांचे दाणे ताटात, एकीचे तोंडात. त्यांच्या माहेरची, त्यांच्या गुडघ्याची, त्यांच्या बहिणीच्या सुनेची चौकशी केलीस. टोपली संपल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "तालमी कुठं असतात तुमच्या?" पुढे त्या प्रत्येक प्रयोगाला आल्या आणि घरी येऊन माझ्या चुका सांगायच्या. शाळेत मुलींना भूगोल शिकवणारी मी एक बाई. तुझ्यावाचून तेवढीच राहिले असते. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला सांगायला जावं तर तू म्हणायचीस, 'पुरे, तालीम सुरू कर.'

आता भिकनचं.

भिकनवरून आपण जितकं भांडलो तितकं कशावरूनच नाही. शिरपूरजवळच्या खेड्यातला हा माणूस तुला एका लग्नाच्या पंगतीत वाढताना सापडला. वाढता वाढता तो प्रत्येकाची नक्कल करत होता, आणि तू जेवायचं सोडून त्याच्याकडे बघत बसलीस. पुढची कितीतरी वर्षं तो आपल्याकडे होता. त्याच्यासारखी अहिराणी बोलणारं रंगमंचावर मी दुसरं कुणी पाहिलं नाही. आणि तुझं ठाम म्हणणं असं की आपल्या बोलीला लोकांनी विदूषक करून टाकलंय. नाटकात असो, सिनेमात असो, खानदेशी बोलणारा माणूस आला की तो हसवायलाच आलेला असतो. माझ्या नाटकात अहिराणी माणूस हसवणार नाही, तू म्हणायचीस. तो रागावेल, शेती करेल, मरेल, प्रेम करेल, पण हसवणार नाही.

मग भिकननं पुतण्याबरोबर मोबाइलवर व्हिडिओ करायला सुरुवात केली. चिक्कू सासरा, जो पाहुण्यांच्या चहात पाणी घालतो. बघता बघता तो सासरा सगळ्या खानदेशात पोचला. सुरतेत, नाशकात, जिथं जिथं आपली माणसं आहेत तिथं. दुकानात, पानटपरीवर भिकनचा आवाज. तू त्याला तालमीत सगळ्यांसमोर म्हणालीस, "तू आपली बोली विकलीस."

तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही तिले देव्हारामा ठेवं. मी बजारमा लई गऊ. मानसे बजारमा ऱ्हातस."

त्यानंतर तो आला नाही आणि तू बोलावलं नाहीस. मला त्या दिवशी त्याचं पटलं होतं आणि तुझंही पटलं होतं, आणि मधे बसून मी दोघांना फोन करत राहिले. तो विचारायचा, ताई कशी शे. तू विचारायचीच नाहीस. पण त्याचा नवा व्हिडिओ आला की तू बघायचीस, हे मला तुझ्या भावानं, नानांनी सांगितलं. तुझे नाना कधी खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, वरच्या खोलीतून त्याचा आवाज येतो, आणि कुमुद हसत मात्र नाही.

आणि मग गेल्या वर्षी तू हे बापलेकीचं नाटक काढलंस. लेक कामाला सुरतेला गेलेली. बाप सातपुड्याच्या पायथ्याशी, घराच्या ओट्यावर. ती पडद्यावर, तो रंगमंचावर, आणि मधे फोन. बाप अहिराणीत विचारतो, लेक आधी अहिराणीत उत्तर देते, मग त्यात हिंदी येते, मग गुजराती, मग उत्तरं आखूड होत जातात. शिरपूरच्या कॉलेजातली रूपाली तुला लेकीसाठी मिळाली. तिला सुरतेला नेऊन भाड्याच्या खोलीत तू पडद्यावरचं सगळं शूट करून आणलंस. मी वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग विचारलं, बाप कोण करणार?

"भिकन."

"त्याला विचारलंस?"

"विचारू."

"कधी?"

"विचारू गं. घाई काय आहे."

आणि शेवटचा प्रवेश तू लिहिलाच नाहीस. मी म्हणत होते, लेक शेवटी खरीखुरी आली पाहिजे. पडदा सोडून रंगमंचावर. लोक एवढा वेळ तिची वाट बघत बसतात, त्यांना असं घरी पाठवायचं नाही. तू म्हणत होतीस, ती येत नाही म्हणून तर तो बोलतो; आली की नाटक मेलं. मी म्हटलं, मग तसं लिही. तेही लिहीत नव्हतीस. भिकन उभा राहिला की कळेल, म्हणायचीस. आणि भिकनला एक फोन करत नव्हतीस. शिरपूर काही परदेशात नाही, कुमुद. धुळ्याहून तिथं दर थोड्या वेळानं एसटी सुटते.

मग त्या दुपारी जेवून तू आडवी झालीस ती उठलीच नाहीस. नाटकाला नाव नाही, शेवट नाही, बाप नाही.

पांझरेच्या काठी तुला नेलं तेव्हा मीही आले. बायकांनी घरी थांबायचं असतं असं कुणीतरी म्हणालं, नाना म्हणाले, सुमन येईल. भिकन आमच्या आधीच येऊन उभा होता. हात जोडून, मान खाली. आणि तुझी लाकडं रचली जात असताना लोक त्याच्या शेजारी जाऊन मोबाइलवर फोटो काढत होते. एकानं तर त्याच्या खांद्यावर हात टाकला. तो कुणाला नाही म्हणत नव्हता. फोटोपुरता मान वर करायचा, मग परत खाली. मला वाटत होतं, ह्याला एक थोबाडीत द्यावी. पण कुणाला द्यावी ते ठरेना.

शोकसभा त्याहून वाईट झाली. न भरून येणारी पोकळी वगैरे बोलून झाली. तुझं एकही नाटक न पाहिलेले दोघे तुझ्या नाटकांवर बोलले. मग निवेदकानं जाहीर केलं, "आता आपल्या सर्वांना पोट धरून हसायला लावणारे, आपले लाडके भिकनभाऊ." टाळ्या पडल्या. शोकसभेत.

भिकन उभा राहिला. तुझ्या फोटोकडे वळला. मग म्हणाला, "ताई गयी. आते मन्हावर रागे कोन भरी?"

सभागृह हसलं. वाईट माणसं नव्हती ती, कुमुद. सवयीनं हसली. तो थांबला. इकडेतिकडे बघितलं त्यानं. म्हणाला, "खरं सांगस मी." लोक आणखी हसले. मग त्यानं अंग आवळून घेतलं, हात बाजूला सरळ धरले, आणि शाळेत पाठ म्हणून दाखवतात तशा मराठीत म्हणाला, "कुमुदताईंच्या निधनाने मला अत्यंत दुःख झाले आहे. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो." आणि बसला. तेव्हा कुणी हसलं नाही.

तुझं म्हणणं इतकं खरं होताना मला पाहायचं नव्हतं. तुलाही पाहायचं नसेल.

बाहेर चहाच्या टपरीमागे तो रुमालानं तोंड झाकून उभा होता, लोकांनी ओळखू नये म्हणून. मी चहा घेऊन गेले.

"दखं ना ताई?" तो म्हणाला. "मन्ही माय गयी तवय गावमा बी असंच व्हयनं. मी रडू ऱ्हायनू, आनि पोरे हासू ऱ्हायनात."

मी त्याला नाटकाचं सांगितलं. बाप तुझ्यासाठी लिहिला आहे, दुसऱ्या कुणाचा विचारही तिनं केला नव्हता, असं सगळं. तो ऐकत राहिला. चहाचा कप त्यानं तसाच हातात धरला.

"माले तिनी सांगं नही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"एक फोन करती. मी पायी उनू असतू."

"माहीत आहे रे."

त्यानं रुमालानं डोळे पुसले आणि परत तोंड झाकलं. मग म्हणाला, "मन्हं नाव लावा. लोके येतीन. पन मन्हं तोंड दखीसन हासतीन, ताई. नाटक पडी."

"पडलं तर पडू दे," मी म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. तुझं नाटक पडलं असतं तरी मला चाललं असतं, ते व्हायला हवं होतं एवढंच.

नानांनी तुझा प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटर टेम्पोतून शिरपूरला पोचवला. शिरपूरच्या एका शाळेनं संध्याकाळपुरता हॉल दिला. कुमुद, दिग्दर्शन काय असतं ते मला माहीत नाही. आयुष्यभर तू सांगायचीस आणि मी उभी राहायचे. आता मी समोरच्या खुर्चीत बसले आणि काय सांगायचं तेच सुचेना, तेव्हा तुझ्यासारखं ओरडायला लागले. भिकनला वाक्य संपलं की थांबायची सवय झाली होती. हशासाठी जागा सोडायचा. मी ओरडायचे, कुणासाठी थांबलास? तो कान पकडायचा. पुढच्या वाक्याला परत थांबायचा.

दुसरी एक खोड त्याला तालमीतच लागली. पडद्यावर रूपाली आली की तो तिच्याकडे वळायचा तो वळलेलाच राहायचा. मी सांगायचे, अरे, प्रेक्षकांना पाठ देऊ नकोस, जरा तिरपा उभा राहा. तो हो म्हणायचा आणि थोड्या वेळानं परत पाठ. मला वाटलं, विसरतोय. वय झालं.

शेवटचा प्रवेश मी लिहिला. तू नसल्यावर भांडण जिंकणं अगदी सोपं झालं, आणि त्यात काही चव राहिली नाही. पडद्यावरचा फोन बंद होतो, पडदा नुसता पांढरा. रूपाली प्रेक्षकांमधून चालत येते, रंगमंचावर चढते, बापाच्या मागे उभी राहते आणि आपण आल्याचं सांगते, "आबा, मी उनू." बाप वळतो. तिच्याकडे बघतो. विचारतो, "जेवनी का?" अंधार. तुझ्याइतकं चांगलं नाही, पण खोटंही नाही. तालमीत भिकन नीट वळायचा आणि 'जेवनी का' असं विचारायचा की रूपालीचे डोळे भरायचे.

पहिला प्रयोग शिरपूरच्या पुढच्या एका गावात लावला, मोकळ्या मैदानात. संध्याकाळी पोचतो तर रस्त्यावर मोठा फलक: 'भिकनभाऊंचे धमाल विनोदी नाटक'. खाली भिकनचा दात काढलेला फोटो. तुझं नाव कुठंच नाही. मी फलक लावणाऱ्यांना नको नको ते बोलले. ते बिचारे म्हणाले, "बाई, नाहीतर कोण येणार?" गर्दी मात्र मोठी होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं आली होती. मी प्रोजेक्टरपाशी बसले.

भिकन आला आणि लोक हसले. तो ओट्यावर बसला, हसले. फोन लावला, हसले. "पोरी, तठे पानी येस का?" असं त्यानं विचारलं आणि शिट्ट्या पडल्या. माझे कान तापले. आपण एवढं सगळं ह्याच्यासाठी केलं का, असं वाटायला लागलं. पडद्यावर रूपाली बोलायला लागली, आणि भिकन वळला, नेहमीसारखा, सबंध. लोकांना त्याची पाठ तेवढी दिसत होती. मळकी बंडी, मानेवरचे पांढरे केस, कानाला लावलेला फोन. तो विचारत होता, विहिरीचं सांगत होता, शेजारणीच्या म्हशीचं सांगत होता, आणि हसू हळूहळू विरत गेलं. पाठीला बघून कोण हसणार? आवाज तोच होता. रोज मोबाइलवर येतो तोच. पण तोंड दिसत नव्हतं, आणि तोंडाशिवाय तो आवाज लोक पहिल्यांदाच ऐकत होते. लेकीची उत्तरं आखूड होत गेली. माझ्यापुढं बसलेल्या एका माणसानं तोंडातला घास चावायचा थांबवला.

शेवट आला. पडदा पांढरा झाला. रूपाली लोकांमधून चालत निघाली, माणसांनी पाय बाजूला घेऊन तिला वाट दिली. ती वर चढली. त्याच्या मागे उभी राहिली.

"आबा, मी उनू."

तो वळला नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. रूपालीनं परत म्हटलं, जरा मोठ्यानं, "आबा, मी उनू ना."

भिकन पांढऱ्या पडद्याकडे बघत फोनमध्ये म्हणाला, "आवाज येस का? पोरी, आवाज येस का तुले?" आणि मग त्यानं परत विहिरीचं सांगायला सुरुवात केली. रूपाली त्याच्या मागे, हात पुढे करावा की नाही अशी. हे कुणी लिहिलेलं नव्हतं. कुणी हलत नव्हतं. दिव्यापाशी बसलेल्या माणसानं माझ्याकडे बघितलं. मी प्रोजेक्टर बंद केला.

मागच्या बाजूला जाऊन मी भिकनचं मनगट धरलं. "वळला का नाहीस?"

तो घामानं निथळत होता. "वयनू असतू तर तोंड दिसतं," तो म्हणाला. "हासतात ना ताई लोके. माले धाक लागना."

एवढंच कारण होतं, कुमुद. तू आणि मी त्या शेवटावरून वर्षभर एकमेकींचं डोकं खाल्लं, आणि तो भीतीपोटी झाला. लेक आली, माझ्या म्हणण्याप्रमाणे. बाप पडद्याशीच बोलत राहिला, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. आणि ज्यानं ते केलं त्याला असं काही भांडण होतं हे ठाऊकही नव्हतं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. मला तुला विचारायचं होतं की हे बरोबर झालं की चूक, आणि पुढच्या प्रयोगाला त्याला वळायला सांगू की नको. हे मला अजून ठरवता येत नाही. तू सांगितलं असतंस तर मी भांडले असते, पण निदान ठरलं असतं.

आम्ही पुढे आलो तेव्हा फोटो काढायला पोरं जमलीच होती. त्यांना कोपरानं बाजूला सारत एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, अनवाणी. ती भिकनच्या अगदी समोर येऊन थांबली. तिला फोटो नको होता. ती चिडलेली होती.

"का रे," ती म्हणाली, "पोर तुन्हा मांगे उभी व्हती. इतली दूरथीन उनी ती. दिसनी नही का तुले?"

भिकन म्हणाला, "मालूम व्हतं, माय. ऐकू उनी ती."

"मंग वयना काबर नही?"

मला ज्यानं लगेच सांगितलं होतं, त्याला तिला ते सांगता येईना. आजूबाजूची पोरं मोबाइल खाली घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. म्हातारी तिथंच उभी राहिली. तिला उत्तर पाहिजे होतं.